मोठ्या बाबांची लाल वही : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

काटोलचे आमचे मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, गेल्यानंतर मी लिहिलेल्या आठवणींवर आपण मनापासून आणि बऱ्यापैकी कडक शब्दांत प्रतिक्रिया दिली आहे. आपले म्हणणे असे की, मी एका साध्या गटसचिवाचा देव करून ठेवला आहे. मृत्यूचे दाखले, वारसांच्या नोंदी, रुग्णांची नागपूरला ने-आण ही सगळी शासनाची आणि नगर परिषदेची कामे असून अशी माणसे ती फुकटात करत राहतात म्हणूनच यंत्रणा सुस्तावते. गावासाठी झिजलेल्या प्रत्येक पुरुषामागे एक बाई चुलीपाशी झिजलेली असते आणि तिचा माझ्या लेखात पत्ता नाही. आणि एवढे सगळे करून उरले काय, तर एक वाचनालय, जिथे आता पुस्तक बदलायला कोणी फिरकत नाही. आपण काटोलचेच आहात, त्या वाचनालयाचे जुने सभासद आहात आणि मोठ्या बाबांना आपण जवळून पाहिलेले आहे. त्यामुळे दोन ओळींत आभार मानून विषय मिटवणे मला बरे वाटले नाही.

देव केल्याच्या आक्षेपापाशी मी फार थांबत नाही. तो माणूस देव करण्याजोगा नव्हताच. पत्त्यांत हरायला लागले की ते डाव मोडायचे, पंगतीत वाढप्यांशी वाद घालायचे आणि मनात एकदा अढी बसली की ती वर्षानुवर्षे सांभाळायचे. पहिला लेख तेरवीच्या आसपास लिहिलेला होता. त्या दिवसांत कोणी गेलेल्या माणसाच्या अढ्या मोजत बसत नाही.

शासनाची कामे फुकटात केल्याचा आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि तो मला मान्य नाही. शासनाचे काम आपण करून टाकणे वेगळे आणि शासनाचे काम शासनाकडूनच, वेळेत, करवून घेणे वेगळे. मोठे बाबा आयुष्यभर हे दुसरे करत होते. कसे, ते थोडे तपशिलात सांगतो.

त्यांची नोकरी सेवा सहकारी संस्थेत गटसचिवाची. शेतकऱ्याला खरिपाआधी मिळणारे पीक कर्ज, त्याची कागदपत्रे, मार्चअखेरची वसुली आणि संस्थेचे दफ्तर एवढे सगळे ज्याच्या पिशवीत असते तो गटसचिव. संत्र्याचा आंबिया बहार गळाला, मृग बहार फुटलाच नाही, कापूस ओला झाला, की व्यापाऱ्याच्या पाठोपाठ त्याची खबर गटसचिवाला लागते. या नोकरीत त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. कर्जदार शेतकरी वारला की घरची माणसे तेरवी करून, पाहुण्यांना वाटेला लावून मोकळी होत, आणि पुढच्या हंगामात कर्ज मागायला आली की कळे, सात-बारावर अजून गेलेल्या माणसाचेच नाव आहे. वारसनोंद नाही म्हणून नवे कर्ज नाही, आणि जुन्या कर्जाचे व्याज चालूच. वारसनोंदीला मृत्यूचा दाखला लागतो, आणि मृत्यूची नोंद तर कोणी केलेलीच नसे.

जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याप्रमाणे मृत्यूची खबर २१ दिवसांच्या आत द्यायची असते. तेवढ्यात दिली तर नोंदीला पैसे लागत नाहीत. त्या काळी महिना उलटला की परवानगी आणि प्रतिज्ञापत्र लागे, आणि वर्ष उलटले की थेट न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागे. म्हणून तेरवीचे जेवण झाले, हात धुऊन झाले, की मोठे बाबा घरच्या कर्त्या माणसाला बाजूला घेत आणि विचारत, “नोंद केली का बाप्पा?” तेरवीनंतर हातात आठच दिवस उरतात, हे त्यांचे गणित होते. आपण लिहिले आहे की, त्यांना दुसऱ्याच्या घरात नाक खुपसण्याची खोड होती. ती होती, यात शंका नाही. पण ते नाक नेमके कोणत्या दिवशी खुपसले जाई, तेही पाहायला हवे.

दुसरी गुंतागुंत नागपूरची. काटोलहून नागपूर साठेक किलोमीटर. हाताबाहेर गेलेला रुग्ण आमच्याकडे ‘मेडिकल’ला नाहीतर मेयोत, म्हणजे नागपूरच्या दोन मोठ्या सरकारी रुग्णालयांपैकी एकात आणतात. मृत्यूची नोंद माणूस राहतो त्या गावी होत नसते, मृत्यू जिथे झाला तिथे होते. रुग्ण मेडिकलमध्ये वारला, तर त्याची नोंद नागपूर महानगरपालिकेकडे. घरची माणसे मात्र काटोलच्या नगर परिषदेत खेटे घालत आणि “तुमची नोंद इथे नाही” एवढेच ऐकून परतत. त्यातच केसपेपरवर घाईत हाकेचे नाव लागलेले असे आणि सात-बारावर पूर्ण नाव, म्हणजे दाखला हातात येऊनही तलाठी तो स्वीकारायला तयार नसे. मोठे बाबा रुग्णांबरोबर नागपूरला का येत, याचे उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे. औषधोपचारात त्यांना काडीची गती नव्हती. ते केसपेपरवरचे नाव बरोबर लिहून घ्यायला येत.

त्यांची एक लांबट वही होती, लाल कापडी पाठीची, किराणा दुकानात असते तशी. आता ती माझ्याकडे आहे. पानावर पट्टीने आखलेले रकाने : नाव, वारल्याची तारीख, नोंद कुठे, दाखला, सहा-क, फेरफार, शेरा. सहा-क म्हणजे तलाठ्याकडील वारसांची नोंदवही. तिच्यात वारस चढले की मग फेरफार पडतो, हरकतीची नोटीस निघते, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात आणि तेव्हा कुठे सात-बारावरचे नाव बदलते. काम जिथवर आले असेल तिथवरच्या रकान्यांत निळ्या पेन्सिलीची खूण आहे. खरा मजकूर शेऱ्यात आहे : “भाऊ ऐकत नाही.” “बहीण अमरावतीला, पत्ता मिळाला.” “दाखल्यात वय चूक, परत मनपा.” “सुनेचे नाव राहिले.” एके ठिकाणी फक्त “भांडण” असे लिहून पुढे दोन वर्षांनंतरच्या तारखेला खूण केलेली आहे.

ही वही वाचली की कळते, त्यांनी स्वतः कोणताही दाखला दिला नाही, कोणतीही नोंद केली नाही. देणारे नगर परिषदेचे, करणारे तलाठी. मोठे बाबा फक्त मुदत चुकू देत नव्हते. यंत्रणा त्यांच्यामुळे सुस्तावली म्हणावे, तर मोठे बाबा फाटकातून आत येताना दिसले की रजिस्टर आधीच काढून ठेवणारा एक लिपिक मी स्वतः पाहिला आहे. दाखला २१ दिवसांत मागायला माणूस उभा राहतो आहे, हे कार्यालयाला ठाऊक असणे आणि सहा महिन्यांनी रडत कोणी येईल तेव्हा पाहू असे वाटणे, यांत सुस्ती कोणत्या बाजूला आहे, हे आपणच ठरवावे.

हे त्यांना सुचले कुठून, याचा अंदाज मला वहीतल्या एका जागेवरून येतो. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीचा पूर मोवाडमध्ये शिरला आणि दोनशेहून अधिक माणसे गेली, हे आपल्या पिढीला सांगायला नको. काटोल-नरखेडकडून भाकरी, कपडे, भांडी घेऊन माणसे धावली, त्यांत मोठे बाबाही होते. लाल वही सुरू होते ती त्यानंतरच्या पोळ्याच्या सुमारास. तिच्या पहिल्या काही पानांवर नावांपुढे रेशनकार्ड, बँकेचे पासबुक, सात-बाराचा उतारा असे लिहून फुल्या मारलेल्या आहेत. घराबरोबर कागदही वाहून गेले होते, आणि ज्याचा कागद गेला त्याला आपण त्या घरचे आहोत हेही सिद्ध करावे लागत होते. कपडे वाटणाऱ्यांची तेव्हा वाण नव्हती. झाडाखाली बसून अर्ज लिहून देणारे थोडे होते.

आता घराकडे वळतो, कारण आपल्या प्रतिक्रियेचा रोख मुख्यतः तिकडे आहे.

आपण म्हणता ते चुलीपाशी झिजणे मोठ्या आईच्या, म्हणजे मोठ्या बाबांच्या पत्नीच्या, वाट्याला आले, यात वाद नाही. सकाळी सहापासून ओसरीवर कोणी ना कोणी बसलेले असे आणि प्रत्येकाला चहा हा नियम मोठ्या बाबांनी स्वतःच्या अधिकारात करून टाकला होता. माझ्या लेखात हे का नाही, असे मी मोठ्या आईलाच विचारल्यासारखे केले. तुमची प्रतिक्रिया तिला वाचून दाखवली. ती म्हणाली, “मले कोनी इचारलंच नाही, तं म्या कायले सांगू?” मग तिने सांगितले ते असे. मोठे बाबा वाचनालयाचे सचिव, त्यामुळे कार्यकारिणीच्या सभा घरी भरत. एका दिवाळीआधी साखरेचा हिशेब लागेना, तेव्हा तिने सभेच्या दिवशी चूल पेटवायला साफ नकार दिला. मोठे बाबा चार दिवस बोलले नाहीत. त्यानंतरच्या सभेचा चहा कोपऱ्यावरच्या टपरीवरून आला, त्याची पावती फाटली आणि वाचनालयाच्या किर्दीत “सभा चहा” अशी नोंद पहिल्यांदा पडली. पुढच्या सगळ्या वर्षांत ती कधी चुकलेली नाही. मोठ्या आईच्या मते वाचनालयाच्या इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची सुधारणा आहे, आणि ती मोठ्या बाबांच्या नावावर मांडू नये.

झीज आमच्याही घरी होती. आम्ही नागपुरात हनुमाननगरला राहत असू, मेडिकलपासून पायी जाण्याच्या अंतरावर. त्यामुळे काटोलकडच्या रुग्णाचे नातेवाईक रात्री आमच्या समोरच्या खोलीत झोपत, आणि सकाळी त्यांच्या डब्याच्या पोळ्या आई करत असे. आई थोरल्या दिरांशी थेट बोलत नसे. ती मला पुढे करून म्हणायची, “मोठ्या बाबाले सांग, माणसं पाठवता तं चादरीही पाठवा.” चादरी आल्या. पुढे तुरीची डाळ आणि तांदूळही येऊ लागले, आणि आंबियाच्या दिवसांत संत्र्यांची पोती, जी आम्ही गल्लीभर वाटत असू. याने आईचे कष्ट फिटले असे मी म्हणणार नाही. पोळ्या शेवटी तिलाच लाटाव्या लागत. एवढेच म्हणतो की, त्या घरांत बायका बोलत होत्या आणि पुष्कळदा त्यांचे चालत होते. आपण रंगवलेली मुकी, राबणारी बाई मला तरी आमच्या घरात आठवत नाही.

एका बाबतीत त्यांनी घरच्यांना खरोखर दुखावले. माझ्या थोरल्या चुलतभावाच्या तंत्रनिकेतनातील प्रवेशाच्या दिवशी त्याच्यासोबत जायचे ठरलेले असताना ते कोणाच्या तरी रुग्णाबरोबर मेडिकलला गेले, आणि सोळा-सतरा वर्षांचा मुलगा एकटाच रांगेत उभा राहिला. प्रवेश मिळाला, पण तो दिवस त्याच्या मनातून गेला नाही. मोठ्या बाबांनी त्याची कधी माफी मागितली नाही आणि त्यानेही ती मागून घेतली नाही. ही गोष्ट त्याची आहे, आता त्याच्या परवानगीने लिहितो आहे. या बाबतीत मोठे बाबा चुकले, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या रुग्णाला दुसरे कोणीही नेऊ शकले असते.

पण “गावाला ज्ञान, घरात अंधार” हे जे आपण लिहिले आहे, ते कागदावर टिकत नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम गावोगाव नेला आणि १९९२ मध्ये शासनानेही पत्नीचे नाव सात-बारावर सहधारक म्हणून लावण्याचा निर्णय काढला. ओसरीवर बसून त्याचे कौतुक करणारे पुरुष पुष्कळ होते. मोठ्या बाबांच्या बागेच्या उताऱ्यावर मोठ्या आईचे नाव त्यानंतरच्या वर्षी लागलेले आहे. उतारा पाहायला मिळू शकतो. १९९४ मध्ये महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः हक्क दिला, केंद्राच्या दुरुस्तीच्या अकरा वर्षे आधी. कायदा आला तरी रीत बदलली नाही. भावाने गोड बोलून बहिणीला तालुक्याला न्यायचे, हक्कसोडपत्रावर सही घ्यायची आणि येताना साडी घ्यायची, हे आजही चालते. लाल वहीत “बहिणीचे नाव” असा शेरा जागोजागी येतो तो याच कारणाने, आणि त्यांच्याविषयीच्या गावातल्या बऱ्याच नाराजीचे मूळही मला तिथेच दिसते. आमचे आजोबा १९९७ मध्ये गेले. तेव्हा मोठ्या बाबांनी आमच्या आत्याचे नाव वारसांत सर्वांत आधी लिहिले. माझ्या वडिलांना ते आवडले नव्हते, आणि दोघा भावांचे बोलणे काही महिने बंद होते. आत्याच्या हिश्श्यातली संत्र्याची झाडे आजही तिचीच आहेत; बाग ठोक्याने व्यापाऱ्याला दिली की तिचा पैसा तिच्या खात्यात जातो. घरातला माणूस म्हणून त्यांची परीक्षा घ्यायची, तर मी ती इथे घेईन.

आणि हो, त्यांच्या स्वतःच्या मृत्यूची नोंद तिसऱ्याच दिवशी झाली. मोठ्या आईने राखेच्या दिवशीच भावाला नगर परिषदेत पिटाळले होते.

राहता राहिले वाचनालय. “एक इमारतसुद्धा त्यांनी उभी केली नाही” हे आपले वाक्य खरे आहे. वाचनालय त्यांच्या आधीपासूनचे आणि जागा भाड्याची. पण लहान गावातली संस्था इमारतीअभावी मरत नाही, ती दफ्तराअभावी मरते. सार्वजनिक ग्रंथालयांचा राज्याचा कायदा १९६७ चा. त्याखाली ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि वर्गानुसार परिरक्षण अनुदान मिळते. त्यासाठी दाखल नोंदवही, देवघेवीच्या नोंदी आणि लेखापरीक्षित हिशेब चोख असावे लागतात, आणि तपासणीला आलेला अधिकारी कपाटापेक्षा आधी वह्या मागतो. शिवाय संस्था म्हणून धर्मादाय कार्यालयाचा एक फास असतोच. कार्यकारिणी बदलली, कोणी राजीनामा दिला, कोणी वारले, की ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो. ज्याला सगळे ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात. तो राहिला की दप्तरी जुनीच कार्यकारिणी कायम राहते. मग तिच्यातली अर्धी माणसे वारलेली, उरलेली भांडलेली, बँकेत सह्या चालत नाहीत आणि अनुदान अडकते. विदर्भात कितीतरी मंडळे आणि वाचनालये अशीच कुलूपबंद झालेली आपल्याला दिसतील. मोठे बाबा त्यासाठी आमल्याच्या पॅसेंजरने नागपूरला येत, सिव्हिल लाइन्समधल्या धर्मादाय कार्यालयातले काम उरकून आमच्याकडे जेवत आणि संध्याकाळी परत जात. हे काम फोटोत येत नाही आणि त्याचे उद्घाटनही करता येत नाही. म्हणूनच त्यावर लेख लिहावासा मला वाटला.

आता पुस्तक बदलायला कोणी येत नाही, हेही बरेचसे खरे आहे. कादंबऱ्यांच्या कपाटाची किल्ली आठवड्यात एखाद्या वेळी फिरते. पण आपण तिथे शेवटचे केव्हा गेलात, ते मला माहीत नाही. सकाळी आठला वाचनकक्षाच्या बाकांवर जागा मिळत नाही. पोलिस भरती, तलाठी, आरोग्य विभाग अशा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली स्वतःची पुस्तके घेऊन येतात आणि रात्री बंद करेपर्यंत बसून राहतात. त्यांना आपल्या कपाटांशी घेणे नाही. त्यांना पंखा, उजेड, शांतता आणि घरापासून सुटका हवी असते. मुलींची संख्या मला मुलांपेक्षा जास्त दिसली. देवघेवीच्या वहीत त्यांची नोंदच होत नाही, त्यामुळे वही पाहणाऱ्याला वाचनालय ओस पडलेले दिसते. मोठ्या बाबांनी शेवटच्या दोन वर्षांत यांच्यासाठी वेगळी हजेरीवही सुरू केली होती. २०१२ नंतर बरीच वर्षे ग्रंथालयांची वरच्या वर्गात दर्जावाढ बंद राहिल्यामुळे त्या हजेरीचा अनुदानाला काही उपयोग झाला नाही, पण मुले येतात एवढे तरी त्यामुळे कागदावर आहे.

या मुलांमुळे विजेचे बिल पूर्वीच्या मानाने पुष्कळ वाढले आहे. त्यांच्याकडून महिन्याचे काही शुल्क घ्यावे की नाही, यावर कार्यकारिणीत दोन तट आहेत. मोठे बाबा शुल्काच्या विरुद्ध होते. मला स्वतःला थोडे शुल्क घ्यावे असे वाटते, फक्त मुलींना माफ असावे. शिवाय सचिवपदावरून त्यांचे नाव कमी करून नवे नाव लावण्याचा बदल अर्जही आता करायचा आहे. दोन्ही विषय येत्या सर्वसाधारण सभेपुढे आहेत. आपण जुने सभासद आहात, आपले मत ठाम आहे आणि ते सभेत मांडले गेले तर मला आनंदच होईल. फक्त सभेत मत देण्यासाठी चालू वर्षाची वर्गणी भरलेली असावी लागते. ती सकाळी आठ ते अकरा या वेळेत ग्रंथपालांकडे भरता येते, आणि पावती घ्यायला विसरू नये.